तवालेची गंमत

वाइसाकेचा फोन चार्ज होईना, याचं गावात सगळ्यांत जास्त दुःख पेनायाला झालं. निदान दिसलं तरी तसंच.

सकाळी वाइसाकेनं अंगणातल्या खांबावरच्या सोलरला फोन लावला, तर पडद्यावर काही उमटेना. त्यानं वायर काढली, फुंकर मारली, पुन्हा लावली. वायर उलटी करून पाहिली. फोनला दोन थपडा मारल्या, मग त्याचीच दया येऊन शर्टाला पुसून घेतला. फोन ढिम्म. एरवी त्यानं एवढं मनावर घेतलंही नसतं, पण ह्या आठवड्यात मुकादमाचा फोन यायचा होता.

वादळानं घराचं छप्पर समुद्रात नेऊन टाकलं, तेव्हापासून वाइसाके, त्याची बायको उनाइसी आणि म्हातारी आई लोसालिनी निळ्या ताडपत्रीखाली राहत होती. पुढचं वादळ यायच्या आत सिमेंटचं घर उभं करायचं, तर ऑस्ट्रेलियातल्या सफरचंदाच्या बागेत एक हंगाम राबल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. अकुइला मुकादम राजधानी सुवाहून बोटीनं बेटावर आला होता आणि त्यानं गावच्या पोरांना पाठीवर पोती देऊन टेकडी चढायला लावली होती. वाइसाके वर जाऊन परत खालीही आला. पेनाया अर्ध्यावर बसला आणि हसत सुटला. अकुइलानं वाइसाकेला घेतलं, पेनायाला राखीव ठेवलं आणि जाताना बजावलं की फोन करीन तेव्हा होकार द्यायचा, उचलला नाहीस तर जागा पुढच्याची.

पेनाया हा वाइसाकेचा मामेभाऊ. फिजीत मामेभाऊ-आतेभाऊ एकमेकांचे तवाले. तवालेला वाटेल ते बोलावं, त्याचा शर्ट घालून मिरवावं, त्याच्या ताटातला मासा उचलावा, आणि त्यानं रागवायचं नाही. रागावला तर लाज त्याचीच जाते. सख्ख्या थोरल्या भावाशी मात्र मोजकं बोलायचं, तेही मान खाली घालून. वाइसाकेला थोरले भाऊ होते, पण त्यांच्यासमोर तो जन्मात कधी मोठ्यानं हसला नव्हता. तो हसायचा पेनायाबरोबर आणि रडायचाही त्याच्यापाशीच. गेल्या नाताळात त्यानं पेनायाच्या चर्चच्या कोटात खेकडा सोडला होता. पाद्रीबुवांची प्रार्थना ऐन रंगात असताना पेनाया असा किंचाळला की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या देवाचं नाव घ्यायचं विसरल्या. वर्षभर गाव त्यावर हसत होतं.

तर हा पेनाया फोनची बातमी ऐकताच आपली वायर घेऊन धावत आला.

"दे इकडे. तुझ्या हातात नारळ सोडून काही टिकत नाही," तो म्हणाला.

त्यानं आपली वायर लावून पाहिली. मग दोघं गावच्या दुकानात गेले आणि तिथल्या जनरेटरवर लावून पाहिलं. तिथं पेनायाचा फोन लगेच चार्ज व्हायला लागला, वाइसाकेचा नाही. पेनायानं फोन कानाशी धरून हलवला, वैद्यासारखा चेहरा केला आणि निदान सांगितलं की पाणी गेलंय. होडीत फोन घेऊन जायची अक्कल कुणी शिकवली, म्हणून चार शिव्याही घातल्या. आता तांदळात पुरून ठेव आणि रविवारपर्यंत हात लावू नकोस, नाहीतर आतून जळेल, असा उपाय दिला.

"आणि मधेच अकुइलाचा फोन आला तर?" वाइसाकेनं विचारलं.

"दुसरा नंबर माझाच दिलायस ना? मग मी काय मेलोय? फोन आला की धावत येऊन सांगतो." पेनायानं त्याच्या मानेवर हात ठेवून ती हलवली. "तुझं छप्पर ते माझं नाही का रे, गाढवा?"

वाइसाकेला भरून आलं. अशा माणसाच्या जिवावर आपण जगतो, असं त्यानं रात्री उनाइसीला बोलूनही दाखवलं. उनाइसीला तांदळाची काळजी होती. आठवड्याचा तांदूळ फोनला दिल्यामुळे घरात तिन्ही त्रिकाळ कसाव्याचे उकडलेले कंद चालले होते. आपल्यापेक्षा फोनची बडदास्त बरी, असं ती येताजाता पुटपुटायची. सासू म्हणायची, खोबरेल चोळा. लोसालिनी गुडघ्यापासून बिजागरीपर्यंत सगळ्याला खोबरेलच चोळायची.

रविवारी चर्चहून आल्यावर वाइसाकेनं तांदळातून फोन काढला. व्हायचं काय होतं? फोन तसाच ढिम्म. पेनायाही चर्चला दिसला नव्हता. सासुरवाडीला गेलाय म्हणाले.

सोमवारी सकाळी वाइसाके दारात उन्हाला पाठ करून बसला आणि पहिल्यांदाच त्यानं फोनच्या भोकात नीट डोकावून पाहिलं. वायर पूर्ण आत जातच नव्हती, निम्म्यावर अडत होती. त्यानं लिंबाच्या झाडाचा काटा तोडला आणि हलक्या हातानं आत फिरवला. काट्याला काळी, चिकट तार लागून आली. त्यानं वास घेतला. फणसासारख्या त्या ब्रेडफ्रूटच्या झाडाचा चीक, काजळीत खललेला. होडीच्या फटी बुजवतात तो. गेले काही दिवस पेनाया होडीला हेच भरत होता आणि त्याची बोटं काळी दिसत होती.

वाइसाके पोट धरून हसला. उनाइसीला हाक मारली, आईला दाखवलं. लोसालिनीही हसली. खेकड्याचा सूड उगवला म्हणाली आणि तिनंच काट्याच्या टोकावर खोबरेलाचा थेंब दिला. तेलानं चीक सैल पडला, बाकीचा कापसानं टिपला. वायर टक्कन आत बसली आणि फोन उजळला. कसाव्याचे दिवस फुकट गेले म्हणून उनाइसी चिडली खरी, पण वाइसाके तोवर परतफेडीच्या बेतात होता. पेनायाच्या होडीची वल्ही पळवावीत की त्याच्या चहात मीठ घालावं, हे ठरवत तो टेकडीवरच्या शाळेकडे निघाला. गावात नेटवर्क तिथंच यायचं.

शाळेच्या ओसरीवर फोन वाजायला लागला. अकुइलाच्या हुकलेल्या फोनांचे संदेश एकामागून एक दिसू लागले. वाइसाकेनं घाईघाईनं त्याला फोन लावला.

अकुइलानं पहिलाच प्रश्न विचारला, "आई आहेत ना रे अजून?"

वाइसाकेला काही कळेना. आहे की, आताच खोबरेल दिलं मला, असं तो सांगून बसला.  मग अकुइलाकडून एकेक करून सगळं बाहेर आलं. तुझा फोन लागेना म्हणून दुसऱ्या नंबरवर केला. पेनायानं सांगितलं की आत्या शेवटच्या घटका मोजतेय, वाइसाके तिला सोडून येणार नाही, मला कळवायला सांगितलंय. राखीव म्हणून त्याचे कागद तयारच होते. आता तिकीट निघालं, नाव फिरवता येत नाही. पुढच्या वर्षी बघू.

वाइसाके ओसरीवर बसून राहिला. चीक भरला, ती गंमत म्हणून सोडता आली असती. तांदळाचीही सोडता आली असती. पण मानेवर ठेवलेला तो हात त्याला सुटेना. केसानं गळा कापतात म्हणतात, तसा ह्यानं मायेनं कापला होता. आणि सरणावर चढवलं कुणाला, तर पेनायाची आई वारल्यावर ज्या बाईनं आपल्या पोराआधी त्याला घास भरवला तिला. वाइसाकेला संताप आला आणि त्या संतापाचं काय करायचं हे त्याला शिकवलेलंच नव्हतं. तवालेवर रागवायची सोय त्या बेटावर नाही.

घरी येऊन त्यानं आईला जसंच्या तसं सांगितलं.  लोसालिनीनं चर्चला घालायचा झगा मागितला.

सासुरवाडीहून परतलेल्या पेनायाच्या अंगणात निरोपाची बैठक भरली होती. आता लपवण्यात अर्थ नव्हता, बोट दुसऱ्या दिवशी सकाळी होती. चटया अंथरल्या होत्या आणि लाकडी परातीत यांगोना, म्हणजे बैठकीत वाटीनं पितात ते मुळ्यांचं पेय, कालवलं होतं. वाइसाके दिसताच पेनायानं आधीच आवाज चढवला.

"आला बघा! काय तवाले, तांदूळ शिजला का?"

मंडळी हसली. चिकाची गोष्ट तोवर गावभर झाली होती. लोसालिनी पुढे झाली आणि सरळ पेनायाच्या समोर जाऊन बसली.

"नीट बघून घे, पोरा," ती म्हणाली. "मेलेली बाई यांगोना प्यायला आलीय."

हसू आटलं. पेनायानं इकडेतिकडे पाहिलं, मग उसनं हसला.

"आत्या, काहीतरी सांगावं लागलं ना. मला काय बाग नको होती? माझ्याही घरात खाणारी तोंडं आहेत. गंमतच झाली म्हणा." तो वाइसाकेकडे वळला. "तवाले रागावतो का कधी?"

सगळ्यांच्या नजरा वाइसाकेवर खिळल्या. आता त्यानं एक सणसणीत शिवी द्यायची, पेनायानं दोन द्यायच्या, सगळ्यांनी हसायचं आणि वाटी पुढे सरकवायची, अशी रीत होती. म्हातारे हसायच्या तयारीतच होते. वाइसाके चटईच्या कडेला, लांब बसला. त्यानं मान खाली घातली.

"नाही. तवालेवर रागावता येत नाही," तो म्हणाला. "म्हणून आजपासून तुम्ही माझे थोरले भाऊ."

परातीजवळचा माणूस वाटी भरता भरता थांबला. पेनायाचा चेहरा उतरला. पोतं घेऊन टेकडीवर बसकण मारली तेव्हाही तो असा दिसला नव्हता.

"असं नको रे करू. शिवी दे. दोन मुस्काटात मार, पण असं नको."

"थोरल्या भावाला शिवी देत नाहीत," वाइसाके म्हणाला. आईला हात देऊन त्यानं उठवलं.

सकाळी बोट सुटताना पेनायानं कठड्यावरून ठेवणीतल्या सगळ्या शिव्या घातल्या. वाइसाकेचं नाक, त्याचं पोहणं, त्याचं छप्पर, काही सोडलं नाही. एका तरी शिवीला उत्तर येईल म्हणून बोट खडकाआड जाईपर्यंत तो ओरडत राहिला. वाइसाके किनाऱ्यावर हात बांधून, मान खाली घालून उभा होता. रीतीप्रमाणे निरोपाला येणं भाग होतं, म्हणून आला होता.

पुढे एकदा शाळेच्या ओसरीवर फोन वाजला. पेनाया बागेतून बोलत होता. थंडीनं बोटं गळायला आलीत, सफरचंदं तुझ्या डोक्यासारखी पोकळ आहेत, इथला मुकादम घोरतो, असं तो भरभरून बोलत होता. मधेच थांबला आणि हळूच म्हणाला, "हस की रे, मुडद्या."

"हो, दादा," वाइसाके म्हणाला. "आई बरी आहे. तब्येतीला जपा."

 फोन ठेवून तो घरी आला. उनाइसीनं विचारलं, कुणाचा फोन होता.

"भावाचा," तो म्हणाला, आणि वारा वाढायच्या आत ताडपत्रीची सुटलेली दोरी बांधायला बाहेर गेला.