परत द्यायचा चाकू

मित्रांनो, मी एक जुना घडीचा चाकू आहे. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते सांगता येणार नाही, कारण मुठीवरचा शिक्का केव्हाच झिजला. माझं बहुतेक आयुष्य गेलं ते गिरगावात, खोताच्या वाडीत, सिल्वेस्टर यांच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.

डब्यात आम्ही अकरा चाकू होतो. एक सासऱ्यांनी दिलेला, शिंपल्याच्या मुठीचा, भारी नखरेल. एक बोटीवरच्या भावानं आणलेला. त्याला बाटली उघडता येते, म्हणून तो आमच्याशी धड बोलत नसे. कुणी दिला, कधी दिला, अशी चिठ्ठी प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली. माझ्या चिठ्ठीवर मात्र लिहिलं होतं, 'आनंदाचा. परत द्यायचा.'

आनंदा लालबागच्या एका गिरणीत मागावर कापड विणायचा. तुटलेल्या सुताची टोकं मी कापायचो, दिवसाकाठी शेकडो! मुकादमसुद्धा म्हणायचा, "चाकू आहे की वस्तरा?" सिल्वेस्टर तिथेच फिटर होते. एकदा जेवणाच्या सुट्टीत पेरू कापायला त्यांनी मला मागून घेतलं. तेवढ्यात भोंगा झाला आणि मी त्यांच्या खिशात राहिलो. दुसऱ्या दिवसापासून संप सुरू झाला. आमची गिरणी पुन्हा उघडलीच नाही.

सिल्वेस्टरना लवकरच एका गॅरेजात काम मिळालं. आनंदाला मिळालं नाही. कुठल्या तोंडानं जायचं, असं म्हणत त्यांनी आजचं उद्यावर ढकललं, आणि चाळीसहून जास्त वर्षं निघून गेली. दर रविवारी चर्चहून आले की ते मला तेल लावायचे. बडदास्त राजाची होती, पण मी सुखी नव्हतो.

गेल्या महिन्यात एकदा त्यांची नात केझिया डबा उघडून बसली. तिनं माझी चिठ्ठी वाचली.

"ग्रँडपा, हा द्यायचा होता ना? मग?"

"राहून गेलं गं."

"राहतो कुठे हा आनंदा?"

"चिंचपोकळीला. चाळ माहितेय मला."

"टॅक्सीनं पंधरा मिनिटं! चला, शूज घाला."

दार आनंदाच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी उघडलं. आत भिंतीवर आनंदाचा हार घातलेला फोटो होता. सिल्वेस्टर उंबऱ्यातच थबकले. त्यांनी मला पुढे केलं.

"खाली ठेवा, भावजी. सुरी हातात देऊ नये, भांडण होतं," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"भांडण झालं असतं तर बरं होतं, वहिनी. निदान भांडायला तरी आलो असतो."

त्यांनी मला स्टुलावर ठेवलं. लक्ष्मीबाईंनी मला उचलून माझं पातं उघडून पाहिलं.

"यांनी दुसरा चाकू घेतलाच नाही. म्हणायचे, सिलू आणून देईल. मागच्या गणपतीपर्यंत म्हणत होते."

सिल्वेस्टर लहान मुलासारखे रडले. मीही रडलो असतो, पण पोलादाला पाणी लागलं की गंज चढतो.

आता मी लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात असतो. धार करून आणली आहे, मिरच्या-कोथिंबीर रोज कापतो. मित्रांनो, कुणाची वस्तू तुमच्याकडे राहिली असेल, तर आजच नेऊन द्या. तिची धार गेली असली तरी न्या. आम्ही लोखंडाची जात, कितीही वर्षं थांबू शकतो. आनंदा त्याला जमलं तेवढं थांबला.