लिफ्टची वर्गणी

लिफ्टसाठी वर्गणी गोळा करायचं काम इमारतीनं माझ्या गळ्यात मारलं, कारण मला ‘नाही’ म्हणायची कुणाची छाती होत नाही. माझी जीभ तिखट आहे, मान्य. पण मी जिवाचं रान करून फिरत होते ते सासूबाईंसाठी. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या चौथ्या मजल्यावरून खाली उतरल्याच नव्हत्या. गॅलरीतली खुर्ची आणि समोरचा रस्ता, एवढंच त्यांचं जग उरलं होतं.

लोकांनी हात आखडता घेतला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई माझ्याबरोबर दारोदार आल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या सुतारानं आपला बोनस आणून दिला. तरी गाडी अडलीच. महिनाअखेर पैसे भरले नाहीत तर लिफ्टची कंपनी भाव वाढवणार होती आणि मग सगळंच बारगळलं असतं.

सासूबाई वर अडकल्यानंतर तळमजल्यावर दुकान थाटलेल्या चष्मेवाल्याकडे मी गेलेच नव्हते. एक तर त्याला लिफ्टचा उपयोग नाही. शिवाय आमच्या कुंड्यांचं पाणी त्याच्या पाटीवर ठिबकतं म्हणून आमची जुंपलेली. शेवटी राग गिळून दुकानात शिरले.

“आलात?” काच पुसता पुसता तो म्हणाला. “अख्खी इमारत पालथी घातलीत, माझंच दार वगळलंत. मी काय परका?”

“तुम्हाला लिफ्ट कशाला लागेल, म्हणून...”

“वहिनी, मी एकटा माणूस. रोज दुपारी दारात स्टुलावर बसलो की वरून हाक येते, ‘ए चष्मेवाल्या, जेवलास का रे?’ मी नुसता हात हलवतो. पण एवढं विचारणारं मला दुसरं आहे कोण?”

दुपारी मी कामावर असते. मला याचा पत्ताच नव्हता.

त्यानं पैसे तर दिलेच, वर दुकानाला कुलूप लावून माझ्याबरोबर निघाला. रस्त्यावरचा एकेक दुकानदार त्यानं गाठला. मी तोंड उघडलं की म्हणे, “वहिनी, तुम्ही फक्त हसा.” मुदतीच्या आत पैसे भरले गेले. या माणसाचे आणि या शेजाऱ्यांचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत.

लिफ्ट सुरू झाली त्या दुपारी सगळे खाली जमले. दार उघडलं आणि सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या. चष्मेवाला पुढे झाला. त्यांनी त्याला नीट न्याहाळलं, पण ओळख पटेना. चौथ्या मजल्यावरून त्यांना दिसायचं ते त्याचं टक्कल.

“जरा वाक बघू,” त्या म्हणाल्या.

तो वाकला. त्याच्या डोक्यावरून हात फिरवत सासूबाई हसल्या.

“हां, तूच तो. जेवलास का रे?”

“नाही,” तो कसाबसा म्हणाला.

“मग चल वर,” सासूबाई म्हणाल्या. “आता लिफ्ट आहे.”