नावाडी गप्प बसतो तेव्हा

मी ‘दूरची वाट’ या पडद्यावर खेळायच्या खेळाचा तिसरा भाग बोलतोय. दिसायला साधी तबकडी. पाठीवर तीन चरे आहेत, तेवढे सांभाळून घ्या.

आमच्या खेळात लढाई कमी, चालणं जास्त. खेळणारा वाटसरू होतो, गावोगाव फिरतो, माणसांशी बोलतो, त्यांची कामं करतो आणि बळ कमावत पुढे जातो. माझ्या दोन्ही थोरल्या भावांचं फार कौतुक झालं. पहिल्यासाठी दुकानांसमोर रांगा लागल्या. दुसऱ्याचं संगीत लोक भांडी घासताना गुणगुणत.

मग मी आलो आणि घराण्याचं नाव बुडालं.

माझ्यात एक नदी आहे. काठावर म्हातारा नावाडी बसलेला असतो. तो बोलू लागला की पडद्यावर एकेक अक्षर उमटतं. पण माणसांना दम कुठला? बटण दाबून बोलणं पुढे ढकलायची. तसं केलं की नावाडी ‘बरं, या मग’ म्हणायचा आणि तोंड फिरवायचा. काहींनी बटणाला हात लावला नाही. पण नावाडी मध्येच गप्प व्हायचा, नदीकडे बघत राहायचा. यंत्र अडकलं असं समजून तेही खेळ बंद करायचे. सगळीकडे छापून आलं, खेळ अर्धवट आहे.

मला लिहिणाऱ्या बाईंनी सांगून पाहिलं की थांबा, तो बोलेल. लोक हसले. चूक झाकायला गोष्ट रचतेय, म्हणाले. कंपनीने चौथ्या भागाचं काम थांबवलं आणि बाईंना घरी बसवलं. मी दुकानातल्या सगळ्यात खालच्या फळीवर गेलो. तिथे सहा वर्षं काढली.

तिथून मला एका शिंप्याच्या लेकीने उचललं. तिच्या बाबांचा पाय मोडला होता, पलंगावर पडून ते वैतागले होते. त्यांची शाळा थोडीच झालेली. पडद्यावरचं वाचायचं तर हवेत बोट फिरवत, सावकाश.

आठवड्याभराने ते नदीवर पोचले. नावाडी बोलत होता, शिंपी वाचत होते.

“बाबा, दाबा की बटण,” लेक म्हणाली.

“थांब गं. त्याचं संपलं नाही अजून.”

आणि नावाडी गप्प झाला. लेकीने थोडा वेळ पाहिलं. “अडकलंय ते. बंद करते.” तिचा हात कळीपर्यंत गेला.

“राहू दे,” शिंपी म्हणाले. “म्हातारा माणूस आहे. काहीतरी आठवत असेल त्याला.”

त्यांनी उशाचा सदरा घेतला आणि सुईदोऱ्याने त्याला बटणं लावत बसले. एक, दोन, तीन. पाचव्या बटणाचा दोरा तोडला तेव्हा पडद्यावर अक्षरं उमटली: ‘इतका वेळ माझ्यापाशी कुणी बसलं नव्हतं. चला, बसा नावेत.’

नाव हलली. पलीकडे माझं अर्धं जग होतं. सात गावं, डोंगर, दिवे लागलेला घाट. तिथलं संगीत सहा वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या तरी खोलीत वाजलं. लेकीने ते सगळं मोबाइलवर टिपलं आणि जगाला दाखवलं.

मग काय विचारता. हजारो माणसं नावाड्यासमोर हात बांधून बसली. मला अर्धवट म्हणणाऱ्या टीकाकाराने लिहिलं, ‘खेळ पुरा होता. अर्धवट मी खेळलो.’ कंपनीने बाईंना मानाने परत बोलावलं. चौथा भाग आला, रांगा पुन्हा लागल्या. आता घराण्यात कोण सरस असा वाद निघाला की पहिलं नाव माझं निघतं.

बाई एकदा शिंप्यांना भेटायला आल्या होत्या. शिंप्यांनी विचारलं, “तो मध्येच का हो गप्प होतो?”

बाई म्हणाल्या, “माझे वडील असेच थांबायचे, बोलता बोलता. मी उठून जायची.”

शिंप्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

आता मी त्यांच्या कपाटात कात्रीशेजारी असतो. शिंपी बोलता बोलता थांबले तर लेक जागची हलत नाही. तुमच्याही घरी कुणी असं थांबलं, तर जरा बसा. एखादं बटण लावा हवं तर. नाव पलीकडे जाते. मी जाऊन आलोय.