सोमवारच्या सह्या

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. खारू ती चढलाच नव्हता. त्याला चाकाच्या खुर्चीसकट चौघे उचलून नेत. अकरा पायऱ्या होत्या. पहिल्या तारखेहून घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "बघ, मी शहाणाच ठरलो. एकसुद्धा पायरी चढलो नाही." बायको हसली नाही. अलीकडे ती त्याच्या विनोदांना हसत नसे आणि तो विनोद करायचं सोडत नसे.

खारू हे काही त्याचं खरं नाव नव्हे. उंच इमारतींना बाहेरून रंग लावायचं त्याचं काम. गच्चीवरून दोरांनी एक फळी सोडायची, तिला सगळे पाळणा म्हणत, आणि त्या पाळण्यावर बसून भिंत रंगवत खाली उतरायचं. बाकीचे रंगारी जीव मुठीत धरून बसत, हा मात्र खारीसारखा इकडून तिकडे पळे. नाव ठेवलं ते मुकादमाने, आणि मुकादम म्हणजे बायकोचा सख्खा मोठा भाऊ. त्यानेच याला कंपनीत चिकटवलं होतं. कामावर "ए खारू, हात चालव", आणि घरी जेवायला बसले की "घ्या जावईबापू, लाजू नका". असा सगळा घरचा मामला होता.

दीड वर्षापूर्वीच्या एका बुधवारी पाळण्याचा एक दोर सरकला. फळी तिरकी झाली, खारू घसरला. त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही, कारण कमरेला पट्टा होता आणि पट्ट्याचा हूक वेगळ्या दोराला अडकवलेला होता. पट्ट्याने त्याला क्षणभर धरलंही, आणि मग बकलाजवळची शिवण उसवली. वर्षानुवर्षं थिनर सांडून तिथला दोरा कुजला होता. तिसऱ्या मजल्यावरून तो पाठीवर पडला. मणका मोडला, आतल्या मज्जारज्जूला इजा झाली. पाय जागच्या जागी आहेत, पण त्यांची काही खबर वर येत नाही.

तेव्हापासून घर म्हणजे लाँड्रीच्या मागची तळमजल्यावरची एक खोली. दार खुर्चीला दोन बोटं अरुंद पडलं म्हणून दारच काढून तिथे पडदा लावला. बायको दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवते, नाहीतर पाठीला जखमा होतात. एक झालीच आहे, ती भरत नाही. लघवीची नळी, पिशवी, मलमपट्टी, सगळं तीच बघते. तिची स्वतःची कंबर धरली आहे, पण ते बोलायची चोरी, कारण या घरात कमरेचा मान एकालाच. भरपाई मिळाली तर रुंद दाराचं घर होईल, हवेची गादी येईल, मदतीला एखादी बाई ठेवता येईल. नाही मिळाली तर ती एकटी आणखी किती वर्षं त्याला वळवू शकेल, हा विचार खारू रोज सुरू करी आणि भीतीने अर्ध्यावर सोडून देई.

खारूच्या भरपाईच्या दाव्याला कंपनीने कोर्टात उत्तर दिलं. त्याला जोडलेला एक कागद खारूच्या वकीलबाईंनी घरी पाठवला. सुरक्षेच्या रजिस्टरमधलं ते बुधवारचं पान होतं. 'पट्टा तपासला, दोर तपासला, सुस्थितीत आहे', आणि खाली खारूची सही. म्हणजे कामगाराने स्वतः पाहून सही केली, तेव्हा चूक त्याचीच. कंपनीने हात वर केले होते. साक्षीदार म्हणून मुकादमाचं नाव होतं.

बायकोने कागद वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ही सही तुमची नाही. दादानेच केली असणार. केस टाकल्यापासून इकडे फिरकला नाही, तो काय उगाच?"

"सही माझीच आहे," खारू म्हणाला.

"म्हणजे पट्टा बघितला होता तुम्ही?"

"नाही."

मग त्याला सगळं सांगावं लागलं. रजिस्टरमध्ये रोजचं एक पान असायचं. रोज सकाळी ते घेऊन गच्चीवर कोण चढणार? म्हणून सोमवारीच आठवड्याची सहा पानं उलटायची आणि सहा सह्या ठोकायच्या. एका हातात चहा, दुसऱ्या हातात पेन. एका रंगाऱ्याची सही लांबलचक होती, त्याला सगळे शिव्या घालायचे, की बाबा, तुझ्यामुळे चहा गार होतो. पट्ट्याकडे बघायचं कुणाच्या मनातही येत नसे.

"किती वर्षं?" बायकोने विचारलं.

"आठ."

तिने कागदाची घडी घातली. ती गप्प बसली की खारूला धडकी भरायची, म्हणून तोच बोलला. "स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला म्हण. बरं तर बरं, लागत नाही."

"तुम्हाला नाही लागत," ती ओरडली. "मला लागतो. रोज लागतो!" लाँड्रीतली इस्त्री क्षणभर थांबली. मग तिने घड्याळ पाहिलं. दोन तास झाले होते. रडत रडतच तिने त्याला वळवलं.

दुसऱ्या दिवशी वकीलबाई आल्या. चण एवढीशी, पण फायलींचा गठ्ठा हनुवटीपर्यंत. खारूने खाली मान घालून सगळं कबूल केलं. आता खरडपट्टी निघणार असं त्याला वाटलं होतं. बाईंनी उलट पेन खाली ठेवलं.

"सहा पानं? म्हणजे गुरुवार, शुक्रवार, शनिवारचीसुद्धा सोमवारीच केलीत?"

"हो."

"मग त्या तीन सह्या अजून तिथे असतील. आणि तुम्ही तर हॉस्पिटलात. रजिस्टर कुणाकडे असतं?"

"दादाकडे," बायको म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला.

बाईंनी सगळं सरळ सांगितलं. मूळ रजिस्टर कोर्टात आणायला लावता येईल. पण खारूला शपथेवर सांगावं लागेल की मी न बघता सही केली. त्यापायी भरपाईला थोडी कात्री लागू शकते. आणि मेव्हण्यांशी एक शब्दही बोलायचा नाही. साक्षीदाराला फितवलं असं समोरचे म्हणतील. "पानं जागेवर असली तर केस आपली," त्या उठता उठता म्हणाल्या. "नसली तर तुमची सही आहेच, गळ्यात."

त्यानंतरचे तीन आठवडे बायकोने फोन किती वेळा हातात घेतला आणि किती वेळा खाली ठेवला, हे खारू पलंगावरून बघत होता. "पानं काढायला लागतात किती? दोन मिनिटं," ती म्हणायची. "दोन पोरं आहेत त्याला. नोकरी आहे. तो तरी काय करणार?" आणि थोड्या वेळाने, "पण माझा भाऊ आहे हो तो!"

खारूला खरं विचाराल तर, मुकादमाच्या जागी तो असता तर त्याने ती पानं फाडली असती. हे त्याने बायकोला सांगितलं नाही. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

तारखेच्या दिवशी मुकादम इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. वाळला होता, कानाजवळ पांढरं झालं होतं. काखेत लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर होतं. बहिणीच्या बाकाजवळून जाताना त्याने मान वळवली नाही.

कंपनीच्या वकिलाने त्याला गोड आवाजात विचारलं. रजिस्टर खरं आहे? आहे. ही सही यांची? यांचीच, माझ्यासमोर केलेली. पट्टे रोज तपासायचा नियम आहे? "नियम आहे," मुकादम म्हणाला. वकील समाधानाने खाली बसला.

वकीलबाई उठल्या. "पुढचं पान उलटा."

कंपनीचा वकील लगेच उभा राहिला. बुधवारच्या पानापलीकडे जायचं कारणच काय? न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "रजिस्टर तुमच्याच साक्षीदाराने आणलंय ना? मग बघू द्या."

मुकादमाचा हात पानावर तसाच राहिला. खारू त्या हाताकडे बघत होता. अंगठ्याच्या नखात पांढरा रंग अडकलेला होता. बायकोने खुर्चीचा दांडा घट्ट धरला. मग पान उलटल्याचा आवाज आला.

"वार कुठला?"

"गुरुवार."

"वाचा."

"पट्टा तपासला. दोर तपासला. सुस्थितीत आहे."

"सही कुणाची?"

"यांचीच."

"गुरुवारी हे कुठे होते?"

मुकादमाने पहिल्यांदाच बहिणीकडे पाहिलं. "ऑपरेशनच्या टेबलावर."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी बाहेरच होतो. रक्त मीच दिलं."

"शुक्रवारचं पान आहे?"

"आहे. शनिवारचंही आहे. सगळी पानं आहेत." आणि मग कुणी न विचारता तो म्हणाला, "सगळ्यांच्या सह्या मी सोमवारीच घ्यायचो. मीच लावलेली सवय ती. ऑफिसातून सांगितलं होतं, रजिस्टर न्यायच्या आधी एकदा नीट बघून घे. काय ते मला कळलं होतं. मी बघितलं. आठ वर्षांत पहिल्यांदाच बघितलं."

लिहून घेणाऱ्या कारकुनाने मान वर केली, मग पुन्हा खाली घातली.

निकाल काही लागला नाही. कोर्टात असा लगेच काही लागत नसतो. पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली, तेव्हा खारूची साक्ष. रजिस्टर कोर्टाने ठेवून घेतलं. कंपनीचा माणूस मुकादमाशेजारून ओळख नसल्यासारखा निघून गेला.

पायऱ्यांशी तिघंच उचलायला मिळाले. चौथा कोण, म्हणून बायको इकडेतिकडे बघत असताना मुकादम मागून आला आणि उजव्या चाकाशी उभा राहिला. खारूला काहीतरी विनोद करायचा होता, पण त्याने उजव्या चाकावरचा हात काढून मुकादमाला जागा करून दिली.

"थांबा जरा," मुकादम म्हणाला. तो खुर्चीसमोर उकिडवा बसला. खारूच्या मांडीवरून बांधलेला खुर्चीचा पट्टा त्याने दोनदा ओढून पाहिला. बकल उलटं करून पाहिलं. मग डोळे जवळ नेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिवणीवरून बोट फिरवत गेला. पायऱ्यांवरचे लोक खोळंबले. त्याने कुणाकडे लक्ष दिलं नाही.

"इथे सैल झालीय," तो बहिणीला म्हणाला. "उद्या येऊन शिवून देतो. आता वेळच वेळ आहे मला."

"उद्याचं उद्या. आत्ता काय करायचं?" ती म्हणाली.

"आत्ता तू धर."

तिने पट्ट्यावरून हात घालून खारूला छातीशी घट्ट धरलं. मुकादमाने तिची पकड एकदा हलवून पाहिली, आणि मगच म्हणाला, "हं, उचला."