थापाडीचे दोन राजे

दातांच्या डॉक्टरीणबाईंना माहेरी सगळे थापाडी म्हणत, आणि बाईंना त्या नावाचा भारी अभिमान होता. लहानपणी पत्ते खेळताना हातात दुरी-तिरी असली तरी त्या अशा ऐटीत बसायच्या, की समोरच्याने एक्के टाकून पळ काढावा. पुढे धंदाही असा मिळाला, की दिवसभर "अजिबात दुखणार नाही हं" म्हणायचं. आता बोला!

त्यांच्या थापांना बधत नसे तो एकच माणूस, मोठा भाऊ. दादा गणिताचा निवृत्त मास्तर. बाईंच्या तोंडाकडे क्षणभर बघायचा, टेबलावर हात आपटून "थाप!" म्हणायचा, आणि ती थापच निघायची. बाई कित्येक वर्षं ऑनलाइन पोकरच्या स्पर्धा खेळत होत्या, त्यात त्यांचं नावही झालं होतं. पण दादाचं पालुपद सुटलं नव्हतं.

"पडद्याआड बसून कुणीही थापा मारेल गं. माणसांसमोर बसशील ना, तर पहिल्या डावात घरी येशील. तुझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं."

बाई वरून हसायच्या, पण हे त्यांना लागायचं. मनातून त्यांनाही तीच धास्ती होती. म्हणूनच यंदा त्यांनी वर्षअखेरीची समोरासमोरची मोठी स्पर्धा खेळायचीच असं ठरवलं होतं. खरं टेबल, खरी माणसं, काय व्हायचं ते होऊ दे.

आणि नेमकी याच वर्षी त्यांची जुनी साइट बंद पडली. मोठ्या स्पर्धेतल्या जागा आता एका नव्या साइटवर मिळणार होत्या. तिथल्या रविवारच्या खेळात शेवटच्या नऊ जणांत जो उरेल त्याला खुर्ची, दहाव्याला नारळ. असे चारच रविवार शिल्लक होते.

पहिल्या रविवारी बाई जुन्याच थाटात बसल्या. जुन्या साइटवर सुरुवातीला भरपूर चिप्स, म्हणजे पैशांऐवजी डावावर लावायच्या चकत्या, मिळायच्या. ब्लाइंड, म्हणजे पाळीपाळीने प्रत्येकाने सक्तीने लावायच्या चिप्स, अगदी सावकाश वाढायचे. थांबावं, माणसं ओळखावी आणि मोक्याच्या डावाला एकच मोठी थाप मारावी, अशी बाईंची रीत. इथे चिप्स मुळात निम्म्या, आणि चहा निवायच्या आत ब्लाइंड दुप्पट! बाई थांबल्या आणि थांबण्यातच अर्ध्या चिप्स संपल्या. मग घाईघाईने त्यांनी आपली ठेवणीतली थाप काढली, तर समोरच्या तिघांनी बिनदिक्कत चिप्स लावल्या आणि बाई बाद झाल्या. जुन्या साइटवरची शहाणी माणसं एवढी मोठी बोली बघून विचारात पडायची, पत्ते टाकायची. इथे कुणी विचारच करत नव्हतं. गाढवापुढे वाचली गीता.

दुसऱ्या रविवारीही तेच.

"साइटच भिकार आहे," बाई चिडून म्हणाल्या. "कुणाला खेळायचं कसं ते कळतच नाही."

"नाचता येईना, अंगण वाकडं," दादा म्हणाला. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात कोण धरणार?

पण ते बोलणं बाईंच्या डोक्यात राहिलं. तिसऱ्या रविवारी त्या खेळल्याच नाहीत, नुसत्या दुसऱ्यांची टेबलं बघत बसल्या.

"हातातला एक रविवार फुकट घालवतेस?" दादा हादरला.

"पेशंटचं तोंड उघडून बघितल्याशिवाय मी दाताला हात लावते का? गप्प बस."

तासाभरात दुखणं सापडलं. इथे कुणाचा कुणावर विश्वासच नव्हता. प्रत्येकाला वाटायचं, समोरचा थापच मारतोय. शिवाय या साइटवर खेळता खेळता एकमेकांना संदेश पाठवता यायचे, आणि त्यात जो तो नुसत्या लोणकढ्या थापा ठोकत होता. अशा बाजारात आणखी एका थापाडीला कोण विचारतो? म्हणजे इथे थाप मारायचीच नाही. बरे पत्ते आले, की वाट न बघता लावायचं. उत्तम आले, की भरभरून लावायचं आणि लपवायचं नाही. बाईंना हे कळलं तेव्हा आनंद मात्र झाला नाही. आयुष्यभर जपलेली कला गुंडाळून ठेवायची म्हणजे काय गंमत आहे?

शेवटचा रविवार. दवाखाना बंद असतो आणि तिथलं इंटरनेट चांगलं, म्हणून बाई रिसेप्शनच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसल्या. हवेत लवंग तेलाचा वास, कोपऱ्यात दातांचा प्लास्टरचा जबडा. दादाला मागे उभं राहायला सक्त मनाई. त्याला समोर, पेशंटच्या खुर्चीत बसवलेलं. त्याला पडदा दिसत नव्हता, दिसत होतं ते फक्त बहिणीचं तोंड.

बाई दुपारभर सरळ खेळल्या. तीनदा हात शिवशिवला, तीनदा आवरला. माणसं गळत गेली आणि शेवटी दहा उरली. आणखी एक जण गेला, की उरलेल्या नऊ जणांना खुर्ची.

तेवढ्यात बाईंच्या हातात दोन राजे आले. एक बदामचा, एक इस्पिकचा. दोन एक्क्यांखेरीज याहून चांगली जोडी नाही. जुन्या साइटवर त्यांनी हळूच थोड्या चिप्स लावून सावज जवळ येऊ दिलं असतं. इथे त्यांनी एका दमात सगळ्याच्या सगळ्या लावल्या. बाकीच्यांनी पत्ते टाकले. उरला एकटा बोकोबा नावाचा खेळाडू. त्याच्या चिप्स जवळजवळ बाईंइतक्याच. जो हरेल त्याचा खेळ आटोपला.

बोकोबाचा संदेश आला: "काय आहे काकू? की हवाच?"

बाईंनी उत्तर लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने उच्चारलं, "दोन राजे आहेत माझ्याकडे."

दादाने त्यांच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं आणि टेबलावर हात आपटला. "थाप!"

पडद्यावर बोकोबाचं उत्तर उमटलं: "हो, आणि मी तुमचा जावई!" त्याने सगळ्या चिप्स लावल्या.

पत्ते उघडले. बोकोबाकडे गुलाम आणि सत्ती. दोघांच्याही कामी येणारे मधले पाच पत्ते एकेक करून पडू लागले. तिसराच पत्ता सत्ती निघाला आणि बोकोबाची जोडी झाली; आणखी एक सत्ती किंवा गुलाम पडला, की बाई बाद. चौथा, काही नाही. पाचवा दुरी. बोकोबा बाद. पडद्यावर बाईंच्या नावापुढे खुर्चीचं चित्र आलं.

बाईंनी लॅपटॉप दादाकडे फिरवला. दोन्ही राजे अजून पडद्यावर होते.

दादा पडद्याजवळ वाकला.

"म्हणजे खरंच होते?"

"मी सांगितलं होतं की तुला."

"पण तुझं तोंड..." दादा थांबला. त्याने चष्मा काढला आणि शर्टाला पुसत बसला. "बये, इतकी वर्षं मला वाटत होतं, तुझा चेहरा मला पाठ आहे. अगं, मी नुसत्या थापाच ओळखत होतो. तू खरं बोलताना कशी दिसतेस, हे मला माहीतच नव्हतं."

बाईंची मान ताठ झाली, डोळे मात्र भरून आले, आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

"मग? जाऊ का माणसांसमोर?"

"जा," दादा म्हणाला. "आणि मला मागच्या रांगेत कुठेतरी जागा बघ. माझी बहीण खेळताना मला बघायची आहे."