यादीतला दोनशे सतरावा कागद

मित्रांनो, दुसऱ्या महायुद्धात मी एकही गोळी झाडली नाही. पण गोळ्या झाडायचे हुकूम छापले ते मीच, म्हणून 'मी काही केलं नाही' असं म्हणायची माझी सोय नाही. मी एक जुना जर्मन टाइपरायटर आहे.

सॅक्सनीतल्या कारखान्यातून मी थेट पायदळाच्या एका डिव्हिजनच्या कचेरीत आलो. रजा, बूट, पदकं, घोड्यांचे नाल, सगळं माझ्यातूनच जाई. रशियाच्या थंडीत माझं तेल गोठलं, तेव्हा कारकून वेंडेलिन क्राफने मला पोटाशी धरून ऊब दिली. आमची गाडी ओढणाऱ्या घोड्याला एवढी माया मिळाली नाही. तो पुढे सूपमध्ये गेला.

त्रेचाळीस साली मेजर हासेलब्रिंग यांनी हुकूम सांगितला : ओल्शावा गाव जाळा, कोणाला सोडू नका. क्राफने तो टाइप केला. एकसष्ट माणसं मेली. मेजर कागद पाहून म्हणाले, "छपाई सुबक आलीय." माझं एवढं कौतुक पुन्हा कधी झालं नाही. त्यानंतर क्राफने मला पुसणंच सोडलं.

पंचेचाळीसच्या एप्रिलात डिव्हिजन एका वीटभट्टीच्या अंगणात मावत होती : अकरा शिपाई, क्राफ, मेजर आणि चाळीस पेट्या कागद.

"जाळ सगळं," मेजर म्हणाले.

"जाळतो, मेजरसाहेब. पण जाळलेल्या कागदांची यादी लागेल. प्रत्येकाचा विषय, तीन प्रती, खाली आपली सही."

"रशियन रणगाडे चार किलोमीटरवर आलेत, क्राफ."

"म्हणूनच दहाही बोटांनी टाइप करतो."

"असा नियम आहे?"

"आपणच काढलेला. टाइप मी केला होता."

मेजर पेटीवर बसले. गाव जाळताना त्यांचा हात कचरला नव्हता. नियम मोडताना कचरला.

ओल्शावाचा कागद आला तशी क्राफची बोटं थांबली. ही ओळ मेजरांनी वाचली असती, तर कमरेचं पिस्तूल दूर नव्हतं. तरी त्याने ती पुरी टाइप केली.

'अनुक्रमांक २१७. ओल्शावा गाव जाळून सर्वांना ठार मारण्याचा हुकूम. मृत एकसष्ट. हुकूम देणारा : हासेलब्रिंग. टाइप करणारा : क्राफ. कागद जाळला.'

स्वतःचं नाव त्याने इतक्या जोरात मारलं की कागदाला भोकं पडली.

मेजरांनी फक्त शेवटचं पान नीट तपासलं. "शिक्का वाकडा बसलाय."

"दुसरा मारतो, मेजरसाहेब."

मग त्यांनी तिन्ही प्रतींवर सही केली. कागद जळले. यादी जळली नाही. ती जाळायची तर तिचीही यादी करावी लागली असती. एक प्रत क्राफने माझ्या पेटीच्या अस्तरात शिवली.

काही वर्षांनी न्यायालयात ती वाचली गेली. मेजर म्हणाले, "सही माझीच. पहिला शिक्का मात्र वाकडा होता, हे नोंदवून घ्या." क्राफने आपल्या नावावर बोट ठेवलं आणि तो खाली बसला. शिक्षा दोघांनाही झाली. एकसष्टांपैकी कोणीच परत आलं नाही.

मित्रांनो, आता मी संग्रहालयात असतो. माझ्यावरची धूळ अधूनमधून पुसा, कळा अडकतात. आणि कोणी तुम्हाला काही टाइप करायला सांगितलं, तर आधी पुरतं ऐकून घ्या. मला 'नाही' म्हणता येत नव्हतं. क्राफला येत होतं.