न फुटणारी शेंग

वाळलेली सोयाबीनची शेंग फुटते तेव्हा तिच्या दोन्ही फाकी उलट दिशांना पीळ घेतात आणि दाणे हातभर लांब उडतात. कापणीला आलेल्या शेतात भर उन्हात उभं राहिलं तर ते ऐकूही येतं. बारीकसा टिच्च आवाज, आणि तेवढं पीक मातीत.

आमच्या संशोधन केंद्रातल्या बाईंनी आपली उमेदीची वर्षं या आवाजावर घालवली. सगळ्यांच्या कापण्या उरकल्या तरी बाईंचा तुकडा मुद्दाम उभाच असे. जी झाडं शेवटपर्यंत शेंगा मिटून राहत, त्यांचंच बी त्या पुढे नेत. अशा निवडीतून एक वाण हाती आला. तो शेतकऱ्यांना द्यायचा विषय निघाला की मात्र त्या म्हणत, थांबा, अजून एक हंगाम बघू. केंद्रात त्यांचं नाव थांबाबाई पडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं.

त्यांचा धाकटा भाऊ सोयाबीनच पिकवायचा. "ताई, माझ्या शेतातले उंदीर आता माझ्यापेक्षा अंगाने भरलेत," असं ऐकवून ऐकवून त्याने शेवटी चाचणीपुरतं बी मिळवलं. कापणी लांबली तरी एकही शेंग फुटली नाही. तो खूश झाला. पण त्यातलंच राखलेलं बी त्याने पुढच्या वर्षी पेरलं, तेव्हा निम्म्या ओळी रिकाम्या राहिल्या.

बाईंबरोबर मीही ते शेत बघायला गेले. मळणी कशी केलीस, असं बाईंनी विचारलं. यंत्रात, दुसऱ्या कशात करणार, असं तो म्हणाला. शेंगा चिवट होत्या, म्हणून यंत्रातल्या झोडणाऱ्या ड्रमचा वेग वाढवला होता.

बाईंनी त्याच्याकडचं उरलेलं बी मागून घेतलं. वाणांची सरमिसळ नको म्हणून केंद्रात आम्ही प्रत्येकाच्या शेंगा वेगळ्या पोत्यात भरून काठीने बडवतो. ती रीत इतकी जुनी की तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नसे. आमच्या दाण्याने यंत्राचा मार कधी खाल्लाच नव्हता.

परतल्यावर त्यांनी ते बी पाण्यात टाकलं. दिसायला टपोरे दाणे, पण बघता बघता फुगून सुरकुतले. म्हणजे यंत्राच्या माराने साल आतून तडकली होती.

"दाण्याची नाही, आपली चूक आहे," त्या मला म्हणाल्या.

वाण मंजुरीच्या उंबरठ्यावर होता. बाईंनी स्वतः साहेबांकडे जाऊन तो थांबवला. थांबाबाई नावाला जागल्या, असं म्हणून लोक हसले. मला हसू आलं नाही. इतक्या वर्षांचं काम आपल्याच हाताने अडवायला काय लागतं, ते मी जवळून पाहत होते.

बाईंनी भावाचंच यंत्र मागून आणलं. केसांत भुसा माखून घेत त्या वेग बदलून बदलून मळत राहिल्या. हळू वेगात चिवट शेंगा उघडत नसत, म्हणून त्या एक दिवस जास्त वाळवून घेतल्या. मग ते बी शेतकरी ठेवतात तसंच, पत्र्याच्या खोलीत अख्खा उन्हाळा ठेवलं. मधल्या काळात भावाने निक्षून सांगितलं, या पेरणीला बी मिळालं नाही तर सोयाबीनला रामराम.

उगवण तपासायला आम्ही ते बी ओल्या कागदात गुंडाळून ठेवलं होतं; आज त्या गुंडाळ्या उघडायच्या होत्या. भाऊ सकाळीच येऊन प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसला होता. जोरात मळलेल्या बियांची गुंडाळी मी आधी उघडली. तिच्यात बरेच दाणे कुजलेले होते. हळू मळलेल्यांची उघडली, तर कोंबांना कागदात जागा पुरत नव्हती. न उगवलेला दाणा शोधावा लागला.

मी मोजलं. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा मोजलं.

"मोजून कोंब वाढतात का गं, ताई?" भाऊ म्हणाला. आवाजात चेष्टा होती, पण हात गुडघ्यांवर घट्ट आवळलेले होते.

बाईंनी तिसऱ्यांदा मोजलं. गुंडाळी होती तशी मिटवली, हात धुतले, कोरडे केले. मी नेहमीचं वाक्य ऐकायच्या तयारीत होते.

"शेंगा एक दिवस जास्त वाळवायच्या आणि ड्रम हळू फिरवायचा, हे प्रत्येक पोत्यावर मोठ्या अक्षरांत छापायचं," बाई म्हणाल्या. "यंदा वाण देऊ या."